इथेनॉलमधलं शेवटचं पाणी काढणं इतकं अवघड का? एका पातळ पडद्याची गोष्ट

ई२० पेट्रोल पंपांवर आल्यापासून एक प्रश्न सोशल मीडियावर पुन्हा पुन्हा फिरतो. इथेनॉलमध्ये पाणी असतं का? आणि ते गाडीच्या टाकीत गेलं तर?

छोटं उत्तर असं: पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल जवळपास कोरडं असावं लागतं, म्हणजे साधारण ९९.५ टक्के किंवा त्याहून शुद्ध. थोडंसं पाणी मिश्रणात विरघळून राहतं. पण ते एका मर्यादेच्या पुढे गेलं, की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्याला धरून टाकीच्या तळाशी जाऊन बसतं. म्हणून पाणी कारखान्यातच काढावं लागतं.

भारतात २०१४ मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास होतं. २०२२ मध्ये ते १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचलं. यात महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशातल्या ऊसपट्ट्याचाही वाटा आहे. म्हणजे इथेनॉलमधून पाणी काढण्याचं काम आज आपल्याकडे अवाढव्य प्रमाणात चालतं. गंमत अशी की त्यातलं बरंचसं पाणी काढणं सोपं आहे. घाम फुटतो तो शेवटच्या चार-पाच टक्क्यांना.

उकळलं तर पाणी वेगळं होत नाही का?

शाळेत शिकवलेलं ऊर्ध्वपातन आठवा. इथेनॉल साधारण ७८.४ अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी १०० अंशांना. मिश्रण तापवलं की आधी इथेनॉलची वाफ जास्त निघते. ती थंड केली की जास्त शुद्ध इथेनॉल मिळतं. हेच पुन्हा पुन्हा केलं की शुद्धता वाढत जाते.

पण वजनाने साधारण ९५.६ टक्क्यांवर गाडी अडते. इथे भांड्यातल्या द्रवात जितकं इथेनॉल असतं, तितकंच वर जाणाऱ्या वाफेतही असतं. दोन्हीकडे प्रमाण सारखंच, त्यामुळे कितीही उकळा, पाणी आणखी कमी होत नाही. अशा मिश्रणाला रसायनशास्त्रात अझिओट्रोप म्हणतात.

हे फक्त इथेनॉलचं दुखणं नाही. सॅनिटायझरमध्ये वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यासोबत साधारण ८८ टक्क्यांवर अडतं. औषध कंपन्यांना लागणारे टेट्राहायड्रोफ्युरान आणि असिटोनायट्राइल हे द्रावकही पाण्याशी अशीच गाठ बांधतात. (ज्यात इतर पदार्थ विरघळवतात तो द्रव म्हणजे द्रावक, बोलीभाषेत सॉल्व्हंट.)

मग आजवर हे पाणी काढायचे कसे?

जुना उपाय होता तिसरा पदार्थ घालण्याचा. १९०२ मध्ये सिडनी यंग या रसायनशास्त्रज्ञाने इथेनॉल-पाणी मिश्रणात बेन्झीन घालून ही कोंडी फोडली. बेन्झीन पाण्याला सोबत घेऊन वाफेतून निघून जातं आणि मागे कोरडं इथेनॉल उरतं. पद्धत चालली, पण बेन्झीन माणसात कॅन्सर घडवतं हे पुढे सिद्ध झालं. त्याच्या जागी सायक्लोहेक्झेन आलं. तरी तिसरं रसायन आणायचं, ते पुन्हा वेगळं करायचं, त्यासाठी वाफ जाळायची, हा व्याप काही सुटला नाही.

आज भारतातल्या बहुतेक डिस्टिलऱ्या मॉलिक्युलर सिव्ह वापरतात. हे झिओलाइट नावाच्या खनिजाचे छोटे गोळे असतात. त्यांच्यातली भोकं साधारण ०.३ नॅनोमीटरची. पाण्याचा रेणू त्यापेक्षा जरा लहान, म्हणून तो आत शिरून अडकतो. इथेनॉलचा रेणू मोठा, तो बाहेरच राहतो. गोळे पाण्याने भरले की ते पुन्हा कोरडे करावे लागतात. त्यासाठी तयार इथेनॉलचीच थोडी वाफ खर्ची पडते आणि ती परत ऊर्ध्वपातनाकडे पाठवावी लागते. एक टाकी काम करते तेव्हा दुसरी वाळत असते.

तिसरा मार्ग आहे पडद्याचा. या पद्धतीचं नाव पर्व्हेपरेशन.

पर्व्हेपरेशन म्हणजे काय?

माठ आठवा. माठातलं पाणी भिंतीतून पाझरतं, बाहेर आल्यावर हवेत उडून जातं. पाझर अधिक बाष्पीभवन, असा हा दुहेरी प्रकार. पर्व्हेपरेशन या शब्दाची फोडही नेमकी हीच आहे.

आता माठाच्या भिंतीऐवजी पॉलिमरचा, म्हणजे लांबलचक साखळ्यांसारख्या रेणूंचा बनलेला पडदा डोळ्यासमोर आणा. एका बाजूला गरम इथेनॉल-पाणी मिश्रण, दुसऱ्या बाजूला पंपाने हवा काढून केलेली पोकळी. पाणी पडद्यातून पलीकडे जातं आणि पोकळीत पोहोचताच त्याची वाफ होते. ती वाफ थंड करून गोळा करतात. अलीकडच्या बाजूला इथेनॉल हळूहळू कोरडं होत जातं.

इथे माठ आणि पडदा यांच्यात मोठा फरक आहे. माठाला बारीक छिद्रं असतात. या पडद्याच्या कामाच्या थराला छिद्रं नसतातच. मग पाणी जातं कसं? ते आधी पडद्यात विरघळतं, मग साखळ्यांमधल्या फटींतून सरकतं आणि पलीकडे वाफ होऊन सुटतं. इथेनॉललाही हा रस्ता खुला असतो. पण पडदा अशा पदार्थाचा निवडतात की पाण्याला तो पटकन आत घेईल आणि इथेनॉलला फारसं विचारणार नाही. म्हणजे पडदा गाळत नाही, आवडीनिवडीने निवड करतो. वाफ किती सहज होते याला इथे दुय्यम महत्त्व, म्हणून अझिओट्रोपची कोंडी आड येत नाही.

घरातल्या आरओसारखा दाब देऊन हे जमणार नाही का? नाही. इतक्या जास्त इथेनॉलमधून पाणी उलट ढकलायचं तर इतका प्रचंड दाब लागेल, की व्यवहारात ते परवडत नाही.

हे सुचलं कुणाला?

१९१७ मध्ये अमेरिकेत पी. ए. कोबर हे शास्त्रज्ञ काम करत होते. त्यांच्या सहाय्यकाच्या लक्षात आलं, की कोलोडियनच्या घट्ट बंद केलेल्या पिशवीत भरून टांगलेला द्रव कमी होतोय. पिशवी फुटलेली नव्हती. द्रव तिच्या भिंतीतून जाऊन उडत होता. कोबर यांनी त्यावर शोधनिबंध लिहिला आणि पर्व्हेपरेशन हे नाव दिलं.

पुढची चार दशकं हे कुतूहलच राहिलं. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या एका तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट बिनिंग आणि सहकाऱ्यांनी त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. पण तेव्हाचे पडदे जाड होते. त्यातून इतकं कमी द्रव पलीकडे जायचं, की कारखाना चालवणं अशक्य.

वळण आलं १९८० च्या दशकात. जर्मनीच्या जीएफटी कंपनीने थरांचा पडदा बनवला. खाली पॉलिएस्टरचं कापडासारखं अस्तर, त्यावर पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइलचा सच्छिद्र थर आणि सगळ्यात वर पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, म्हणजे पीव्हीए, याचा अतिपातळ थर. हा वरचा थर एखाद्या मायक्रोमीटरच्या आसपास. माणसाचा केस यापेक्षा कित्येक पटींनी जाड असतो. निवड हा थर करतो, खालचे दोन त्याला फक्त आधार देतात.

१९८८ मध्ये फ्रान्समधल्या बेतेनिव्हिल इथे अशा पडद्यांचा प्रकल्प सुरू झाला. क्षमता दिवसाला दीड लाख लिटर इथेनॉल. त्यासाठी दोन हजार चौरस मीटरहून जास्त पडदा बसवावा लागला. पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ मीटर बाय १० मीटर असतं. तशी पंधरा मैदानं अंथरता येतील इतका पडदा, आणि तोही कुठे टाचणीएवढं भोक न पडता. या तंत्राचं मोठेपण आणि दुखणं दोन्ही या आकड्यात आहे.

यात वाचतं काय?

ढोबळ हिशेब करू. ९५ टक्के इथेनॉलचं १०० किलो मिश्रण आहे. ते सगळं वाफेत बदलायचं तर साधारण ९० मेगाज्यूल उष्णता लागते. पडद्याच्या पद्धतीत वाफ होते फक्त पलीकडे जाणाऱ्या भागाची, म्हणजे सुमारे ५ किलो पाणी आणि त्यासोबत निसटलेलं किलोभर इथेनॉल. त्याला लागतात १२-१३ मेगाज्यूल. म्हणजे साधारण सातवा हिस्सा.

प्रत्यक्षात इतका फरक पडत नाही. पोकळी टिकवायला पंप लागतो. पाण्याची वाफ होताना मिश्रण थंड पडतं, ते पुन्हा गरम करावं लागतं. पलीकडची वाफ पकडायला चिलर लागतो. दुसरीकडे चांगले कारखाने ऊर्ध्वपातनातली उष्णताही पुन्हा वापरतात. तरीही मूळ मुद्दा कायम राहतो. पाच किलो पाण्यासाठी शंभर किलो द्रव उकळायचा, की फक्त ते पाच किलो?

मग पडदे सगळीकडे का नाहीत?

कारण पडद्याचा गुण हाच त्याचा शत्रू आहे.

पीव्हीए पाण्याला आवडीने आत घेतो म्हणून आपण तो निवडला. पण पाणी घेतलं की तो फुगतो, साबुदाणा भिजवल्यावर फुगतो तसा. फुगल्यावर साखळ्या एकमेकींपासून लांब जातात, फटी मोठ्या होतात, आणि जे इथेनॉल बाहेर राहायला हवं होतं तेही पाण्यामागोमाग आत शिरतं. पाणी खूपच जास्त असेल तर साधा पीव्हीए चक्क विरघळतो. कपडे धुण्याच्या डिटर्जंट पॉडचं वरचं पारदर्शक आवरण पीव्हीएचंच असतं. ते पाण्यात विरघळतं, म्हणून तर वापरतात!

म्हणून पडद्याची परीक्षा दोन विषयांत होते. पहिला प्रवाह: एका चौरस मीटरमधून तासाला किती किलो पलीकडे गेलं. दुसरा निवडकपणा: पलीकडे गेलेल्यात पाणी किती आणि इथेनॉल किती. समजा मिश्रणात १० टक्के पाणी होतं आणि पलीकडे ९९ टक्के पाणी मिळालं. मग विभाजन गुणांक येतो ८९१. म्हणजे पाणी आणि इथेनॉल यांचं गुणोत्तर पडदा ओलांडताना ८९१ पटींनी पाण्याच्या बाजूला झुकलं.

अडचण अशी, की एका विषयात मार्क वाढवायला गेलं की बहुतेकदा दुसऱ्यात कमी होतात. फटी मोकळ्या केल्या की प्रवाह वाढतो पण इथेनॉल निसटतं. फटी आवळल्या की इथेनॉल थांबतं पण पाणीही रेंगाळतं. त्यात मिश्रण कोरडं होत जाईल तसा पाण्याचा जोर कमी होतो आणि प्रवाह आणखी मंदावतो. सगळ्यात जास्त पडदा लागतो तो शेवटचा एखादा टक्का काढायला. बेतेनिव्हिलची पंधरा मैदानं त्यासाठीच.

पडदा सुधारायचा कसा?

गेली चाळीस वर्षं जगभरच्या प्रयोगशाळा याच पेचावर काम करतायत. मुख्य मार्ग चार.

१. साखळ्या एकमेकींना बांधा. इन्स्टाग्रामवर स्लाइम बनवण्याचे व्हिडिओ पाहिलेत? पीव्हीएच्या द्रावणात बोरॅक्स घातलं की पातळ द्रव एकदम चिकट गोळा होतो, कारण बोरॅक्स साखळ्यांना जागोजागी गाठी मारतं. याला क्रॉसलिंकिंग म्हणतात. स्लाइममधल्या गाठी सुटतात आणि पुन्हा बसतात. पडद्यात त्या कायमच्या हव्या असतात. म्हणून ग्लुटराल्डिहाइड किंवा मॅलेइक आम्ल वापरतात, शिवाय पडदा तापवतात. गाठी योग्य प्रमाणात असल्या की फुगणं आटोक्यात राहतं. जास्त झाल्या की पडदा ताठर होतो आणि पाण्यालाही वाट उरत नाही.

२. पडदा आणखी पातळ करा. जाडी अर्धी केली की प्रवाह साधारण दुप्पट होतो. पण थर जितका पातळ, तितकं कुठेतरी सूक्ष्म छिद्र राहण्याची भीती जास्त. असं एक छिद्र शेजारच्या सगळ्या चांगल्या पडद्याची मेहनत वाया घालवतं, कारण तिथून मिश्रण न निवडता सरळ निघून जातं.

३. पॉलिमरमध्ये खडे मिसळा. झिओलाइटचे बारीक कण, ग्राफीन ऑक्साइडचे पत्रे किंवा धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या जाळीदार रचना पॉलिमरमध्ये मिसळतात. अशा मिश्र पडद्यात पॉलिमर लवचिकपणा देतो आणि कण पाण्याला खास वाटा देतात. प्रवाह आणि निवडकपणा एकत्र वाढण्याची आशा इथे असते. कण नीट मिसळले नाहीत तर मात्र त्यांचे गठ्ठे होतात. कण आणि पॉलिमर यांच्यात फट राहिली, तर तीच इथेनॉलची चोरवाट बनते.

४. पॉलिमरच बदला. समुद्री शेवाळापासून मिळणारं सोडियम अल्जिनेट आणि कोळंबी-खेकड्यांच्या टरफलांपासून बनणारं कायटोसान, दोघांनाही पाणी खूप आवडतं. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात आणि हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत या पदार्थांच्या पडद्यांवर बरंच संशोधन झालंय. दुसऱ्या टोकाला पॉलिइमाइड आणि फ्लोरिनयुक्त पॉलिमर आहेत. ते पाणी कमी शोषतात, म्हणून कमी फुगतात आणि उष्णताही सोसतात. जपानच्या उबे कंपनीने पॉलिइमाइडच्या पोकळ तंतूंचे पडदे बाजारात आणले. त्यात मिश्रण द्रव न ठेवता वाफेच्या रूपातच पडद्यावरून नेतात.

पॉलिमरला स्पर्धकही आहेत. झिओलाइटचा सलग थर असलेले पडदे जपानमध्ये १९९० च्या दशकात कारखान्यांपर्यंत पोहोचले. ते फुगत नाहीत आणि निवडकपणात फार पुढे आहेत. पण महाग असतात, ठिसूळ असतात, आणि मिश्रणात आम्ल असेल तर त्यांच्यातला नेहमीचा झिओलाइट टिकत नाही. पॉलिमर स्वस्त पडतो, मोठ्या रुळांवर बनवता येतो, म्हणून त्याच्यावरची मेहनत थांबलेली नाही.

आपल्याकडे याचा उपयोग कुठे?

साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मॉलिक्युलर सिव्हला हरवणं पडद्याला कठीण जातं. तिथे एकच पदार्थ लाखो लिटरने काढायचा असतो, वाफेसाठी चिपाड हाताशी असतं आणि सिव्हचे गोळे वर्षानुवर्षं चालतात.

खरी गरज दिसते ती औषध आणि रसायन कारखान्यांत. कुरकुंभ, लोटे-परशुराम, तारापूर अशा औद्योगिक वसाहतींत या प्रकारचे कारखाने आहेत. अशा कारखान्यात आज आयसोप्रोपिल अल्कोहोल, उद्या टेट्राहायड्रोफ्युरान, परवा तिसरंच काही वापरलं जातं. बॅच छोट्या असतात. वापरलेल्या द्रावकात पाणी मिसळलेलं असतं आणि अझिओट्रोपमुळे ते साध्या ऊर्ध्वपातनाने निघत नाही. तो द्रावक वाळवता आला तर पुन्हा वापरता येतो. नाही आला तर जाळायला किंवा कचरा म्हणून पाठवावा लागतो आणि नवा विकत घ्यावा लागतो. पडद्याचं यंत्र आटोपशीर असतं, त्यात तिसरं रसायन घालावं लागत नाही, आणि एका द्रावकावरून दुसऱ्यावर जाणं तुलनेने सोपं.

द्रावक पुन्हा वापरण्याचं मोल २००८-०९ मध्ये जगभर जाणवलं. असिटोनायट्राइल हे अ‍ॅक्रिलोनायट्राइल बनवताना निघणारं जोडउत्पादन आहे. मंदीमुळे अ‍ॅक्रिलोनायट्राइलचं उत्पादन घटलं, तसं असिटोनायट्राइलही आटलं. औषधांची शुद्धता तपासणाऱ्या प्रयोगशाळांना त्याची टंचाई भासली आणि किमती भडकल्या.

आणखी एक उपयोग आहे. आम्ल आणि अल्कोहोल यांच्यापासून एस्टर बनतं तेव्हा पाणीही तयार होतं, आणि ते साचलं की अभिक्रिया मध्येच थबकते. पडद्याने ते पाणी सतत काढत राहिलं की अभिक्रिया पुढे सरकते. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये असणारं इथाइल असिटेट हे असंच एक एस्टर.

पण प्रत्येक द्रावकाला पडदा चालत नाही. डायमिथाइल फॉर्मामाइडसारखा जहाल द्रावक कित्येक पॉलिमरना फुगवतो किंवा विरघळवतोच.

"क्रांतिकारी पडदा" अशी पोस्ट दिसली तर काय पाहाल?

अशा बातम्या अधूनमधून फिरतात. शेअर करण्याआधी पाच प्रश्न विचारा.

• आकडा प्रवाहाचा आहे की निवडकपणाचा? एकच सांगितला असेल तर दुसरा शोधा.
• मिश्रणात पाणी किती होतं? ३० टक्के पाणी असताना मोठा प्रवाह मिळवणं सोपं. खरा कस एक-दोन टक्क्यांवर लागतो.
• तापमान किती होतं? गरम मिश्रणात प्रवाह आपोआप वाढतो. दोन पडद्यांची तुलना एकाच तापमानावर हवी.
• पडदा किती दिवस चालला? प्रयोगशाळेत काही तास पुरतात, कारखान्याला वर्षं लागतात.
• तुकडा केवढा होता? तळहातावर मावणारा निर्दोष तुकडा बनवणं आणि मैदानभर पडदा बनवणं यात खूप अंतर आहे.

पाचही उत्तरं चांगली असतील, तर ती बातमी खरंच मोठी. बहुतेक वेळा दोन-तीन उत्तरं मिळतात आणि बाकीच्यांसाठी थांबावं लागतं. पाणी आवडणारा पण पाण्याने न बिघडणारा पडदा हवाय. चाळीस वर्षांची मेहनत याच एका अटीभोवती चालू आहे, आणि आजचे पडदे त्या अटीच्या कालच्यापेक्षा बरेच जवळ आलेत.